परसातला माग आणि भोंग्यातला आवाज

सोलापूर, ३ सप्टेंबर १९३४

निवृत्तीच्या समारंभात मला एक शाल, एक नारळ आणि ही वही मिळाली. शाली माझ्याकडे आधीच चार आहेत, नारळाची चटणी झाली, उरली वही. शाळेच्या कमिटीचे चिटणीस भाषणात म्हणाले, "मथुराबाईंनी एकतीस वर्षे मुलींना शिकवले, आता त्यांनी देवाचे नाव घेत विश्रांती घ्यावी." विश्रांती! मी काय टांग्याचा लंगडा घोडा आहे? मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, माझे सगळे दात माझेच आहेत, आणि त्या चिटणीसांच्या दोन्ही मुलींना त्रैराशिक मीच शिकवले, कारण त्यांच्या वडिलांना ते येत नव्हते.

पुण्याला कॉन्व्हेंटात असताना सिस्टर ॲग्नेस आमच्याकडून रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहून घेत. त्या दिवशी आपले काय चुकले तेवढेच लिहायचे, असा नियम होता. मी मराठीत लिहिणार आहे आणि दुसऱ्यांचे काय चुकले तेही लिहिणार आहे. वही बहुतेक पुरणार नाही.

९ सप्टेंबर

परसातला माग पाच दिवस बंद आहे. तीन वर्षांपूर्वी सांगोल्याकडे दुष्काळ पडला तेव्हा सिद्धाप्पा आणि त्याची बायको मायाक्का इकडे आली. मी त्यांना परसातली पडवी दिली. सिद्धाप्पाने तिथे खड्डा खणून घोंगड्यांचा माग बसवला. मायाक्का लोकर कातते आणि माझे पाणी भरते. चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर सुटतो, पण मी त्याबद्दल कधी बोलले नाही. फार तर आठवड्यातून दोनदा.

सिद्धाप्पा सव्वीस वर्षांचा, काटक, मितभाषी, आणि त्याच्या हातचे घोंगडे असे की पाणी ओतले तर खाली थेंब यायचा नाही. तोच आता भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. अंघोळ नाही, दाढी नाही. विचारले तर माझ्याकडे न बघता भलतेच उत्तर देतो. मी आज त्याला स्पष्ट सांगितले, "हा आळस आहे. आळसाला शिस्तीखेरीज औषध नाही."

१० सप्टेंबर

वेळापत्रक तयार केले. साडेपाचला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, सहा ते दहा माग, असे रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत. लाल शाईने सुवाच्य अक्षरात लिहून पडवीच्या खांबाला चिकटवले.

सिद्धाप्पाला वाचता येत नाही, हे चिकटवल्यावर आठवले. मायाक्कालाही येत नाही. तिने कागदाला हळदकुंकू लावले आणि हात जोडले. "बाई, लई मोटा मंतर दिलासा की," म्हणाली.

१४ सप्टेंबर

शेजारच्या म्हाळसाबाई तावातावाने आल्या. "मथुराबाई, तुमच्या परसात काय चाललंय ठाऊक आहे का? ती बया नवऱ्याच्या आधी जेवते! त्याच्याच ताटातला घास मोडून आधी आपल्या तोंडात घालते, मग त्याच्यापुढे ताट सारते. मी माडीवरून डोळ्यांनी पाहिलं."

"माडीवरून दुसऱ्याच्या ताटात बघणं हे कुठल्या शास्त्रात बसतं?" मी विचारले.

खरे म्हणजे मला फार आनंद झाला. एकतीस वर्षे मी मुलींना सांगत आले की नवऱ्याच्या उष्ट्यावर जेवण्यात पुण्य नाही. त्यातल्या एकीनेही मनावर घेतले नाही. आणि एक निरक्षर धनगरीण न सांगता ते करते! मी मायाक्काला बोलावून शाबासकी दिली. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. स्तुतीची सवय नसली की असे होते.

१९ सप्टेंबर

सकाळी गिरणीचा भोंगा झाला तसा सिद्धाप्पा दोन्ही कानांवर हात दाबून मागाच्या खड्ड्यात खाली बसला.

"काय रे, काय झालं?"

"हाक मारतोय त्यो."

"भोंगा हजारो लोकांना हाक मारतो. तू गिरणीत कामाला नाहीस, तुझा काय संबंध?"

"मग माझंच नाव का घेतोय?"

याला काय उत्तर देणार? मी त्याला म्हटले, प्रश्न चुकीचा आहे. वर्गात उत्तर येत नसले की मी हेच म्हणत असे.

दुपारी मायाक्का माझ्यासमोर बसली आणि सगळे सांगून टाकले. चैत्रापासून चालू आहे. आधी नुसता भोंगा बोलत होता, आता भोंगा नसतानाही भिंतीपलीकडून दोन माणसे बोलतात. बाजारात कोणी हसले की ते त्यालाच हसले. मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांत कोणी गाठी मारून निरोप पाठवते. आणि जेवणात विष घातले आहे असे आवाज सांगतात, म्हणून ती आधी घास खाऊन दाखवते.

"तवा तुमी शाबास म्हनलासा, तर मला वाटलं तुमाला कळलं," ती म्हणाली.

मला काही कळले नव्हते. सिस्टर ॲग्नेसच्या नियमाप्रमाणे नोंद करते: आज चुकले ते माझे. आळस, म्हणे! त्या पोरीने सहा महिने एकटीने हे पेलले, आणि मी खांबाला वेळापत्रके चिकटवत होते.

२२ सप्टेंबर

नवी पेठेतल्या डॉक्टर बसलिंगप्पांकडे गेले. त्यांची बायको विजयमाला माझी विद्यार्थिनी. हुशार होती, पण र्‍हस्वदीर्घाशी वैर होते. डॉक्टर येऊन सिद्धाप्पाशी तासभर बोलले. घाई नाही, हसणे नाही. मला तेवढा धीर असता तर मी मुख्याध्यापिका झालेच नसते.

बाहेर येऊन म्हणाले, "बाई, ही बाधा नाही, आळस नाही, आणि कुणाचं पापही नाही. हा मनाचा आजार आहे. त्याला आता स्किझोफ्रेनिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे. मन दुभंगणं, असा काहीसा अर्थ."

"औषध?"

"झोप लागावी म्हणून एक देतो. या आजारावर नेमकं असं औषध आज कुणाकडेच नाही. वेड्यांच्या इस्पितळात ठेवता येईल, पण..."

मायाक्का दारातूनच म्हणाली, "न्हाय. कुटंबी न्हाय. त्येंचा माग हितं हाय."

डॉक्टर पुढे काही सांगणार होते, तेवढ्यात त्यांना बाळंतपणाचे बोलावणे आले. ग्रीक शब्द सांगायला वेळ असतो, त्याचा अर्थ सांगायला नसतो. विद्वानांची हीच तऱ्हा.

२४ सप्टेंबर

दुभंगलेले मन म्हणजे एका कुडीत दोन माणसे, हे मी तर्काने काढले. एक गुणी विणकर, दुसरा हा भिंतीकडे बघणारा. पहिल्याला उत्तेजन द्यायचे, दुसऱ्याला समजावून घालवायचे. म्हणून मी चहाचे दोन पेले घेऊन गेले आणि अदबीने विचारले, "आज कोण आलंय?"

सिद्धाप्पाने मागे वळून पाहिले. मग दोन्ही पेले पिऊन टाकले.

मायाक्का पोट धरून हसली. सहा महिन्यांत हसली नसावी इतकी हसली. "बाई, त्ये एकलेच हायेत की! म्या लगीन एकाशीच लावलंय."

संध्याकाळी डॉक्टरांना गाठले. तेही हसले, पुरुषांना हे शोभत नाही. म्हणाले, "दोन माणसं नव्हेत, बाई. माणूस एकच. विचार, भावना आणि कानांवर पडणारं, हे सगळं एरवी एका दाव्याला बांधलेलं असतं. ते दावं सुटलंय. मनात उठलेलाच आवाज त्याला बाहेरून आल्यासारखा ऐकू येतो. तुम्हा-आम्हाला हा टांगेवाला जितका खरा ऐकू येतो ना, तितका खरा."

मी विचार केला. माझ्याही डोक्यात सिस्टर ॲग्नेस दिवसभर बोलत असतात: पाठ ताठ ठेव, भुवया खाली कर. पण ती माझी आठवण आहे हे मला ठाऊक असते. सिद्धाप्पाला तसे ठाऊक असण्याची सोयच नाही. केवढा हा फरक, आणि नेमका कुठे धागा तुटला की तो पडतो, हे कोणी सांगू शकत नाही.

२ ऑक्टोबर

आज मी तर्काने रोगावर मात केली.

भोंगा बोलतो हे खोटे आहे, हे प्रयोगाने सिद्ध करायचे मी ठरवले. सोलापुरात कापसाला तोटा नाही. सिद्धाप्पाच्या कानांत कापसाचे बोळे घातले, वरून माझी लोकरीची कानटोपी, त्यावर फडके. मग आम्ही तिघे अकराच्या भोंग्याची वाट बघत बसलो. म्हाळसाबाई माडीवर होत्याच.

भोंगा झाला. मी हाताने खूण करून विचारले, भोंगा ऐकू आला का? त्याने मान हलवली: नाही. आवाज? मान डोलावली: येतोय, अगदी स्पष्ट.

"बघ!" मी फडके सोडत ओरडले. "म्हणजे आवाज भोंग्यातून येत नाही! सिद्ध झालं!"

सिद्धाप्पाने कानांतले बोळे काढून हातात घेतले. चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. हल्ली तिथे काही दिसतच नाही. पण त्याला पटले, यात शंका नाही.

४ ऑक्टोबर

पटले होते, पण भलतेच. आवाज बाहेरून येत नाही, म्हणजे ती दोघे आत शिरली आहेत, असे त्याने काढले. माझ्याच पद्धतीने, पायरी न चुकता. काल त्याने मागावरचा अख्खा ताणा विळ्याने कापला, बोलणाऱ्यांचा रस्ता बंद व्हावा म्हणून. दोन दिवस जेवला नाही.

डॉक्टर माझ्यावर रागावले. "वादात जिंकून हा आजार हरत नाही, बाई. उलट तुम्ही त्याला एकटं पाडलंत."

मी कानटोपी पेटीत ठेवून दिली. वहीत आज फार लिहीत नाही.

१० ऑक्टोबर

म्हाळसाबाईंनी प्रयोग गल्लीभर पोचवला, आणि कालच्या मंगळवारच्या बाजारात तो सांगोल्याच्या मेंढीवाल्यांनी ऐकला. "कान बांधले तरी ऐकू येतं" एवढेच त्यांच्या कानी गेले. त्यांनीही तर्क चालवला: भोंगा नाही, माणूस नाही, मग बोलतो कोण? बिरोबा!

आज चार माणसे सिद्धाप्पाच्या पायाशी नारळ ठेवून गेली. एकाने भंडारा उधळला. माझे वाळत घातलेले पांढरे लुगडे पिवळे झाले. सिद्धाप्पा खड्ड्यात अंग चोरून बसला होता. मी छत्री घेऊन सगळ्यांना हाकलले. एक म्हातारा म्हणाला, "बाई, देव हाय त्यो." मी म्हटले, "असेल. पण देवाची ही जेवायची वेळ आहे."

मायाक्का रडत नव्हती, हे जास्त वाईट. लोकर पिंजता पिंजता म्हणाली, "आजारी असला तर आजारी नवरा तरी माझा हाय. देव झाला तर मला काय ऱ्हाईल, बाई?"

२१ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सांगितले तसे अकरा दिवस वागते आहे. आवाज खोटे आहेत म्हणायचे नाही. खरे आहेत असेही म्हणायचे नाही. परवा सिद्धाप्पाने विचारले, "बाई, तुमाला ऐकू येतंय का?" मी म्हटले, "मला नाही येत. तुला येतं, आणि त्याचा त्रास होतो, हे मला कळलं आहे." त्याने माझ्याकडे पाहिले. महिनाभरात पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे.

जेवण ठरल्या वेळी, घरात आरडाओरडा नाही, भोंग्याच्या आधी मायाक्का त्याच्याजवळ जाऊन बसते. माझे वेळापत्रक थोडेफार तेच होते, म्हणजे अगदी वाया गेले असे नाही. थंड पाणी तेवढे काढून टाकले. आज त्याने नव्या ताण्याला कुंच्याने खळ लावली. जेमतेम हातभर लावून थांबला. पण लावली! वास भयंकर येत होता. मी खिडकी उघडी ठेवून बसले.

२९ ऑक्टोबर

वाईट बातमी. सिद्धाप्पाचा चुलता धुळा दिवाळीच्या आदल्या सोमवारी त्याला न्यायला येतो आहे.

त्यांच्या गावी पाडव्याला बिरोबाच्या देवळापुढे भाकणूक होते. एकाच्या अंगात देव येतो आणि तो साऱ्या गावाला सांगतो की पाऊस किती, ज्वारी किती, मेंढरांवर रोग येईल की नाही. हा मान सिद्धाप्पाच्याच घराण्याचा. आजा गेल्यापासून सात वर्षे गादी रिकामी आहे. आता त्याच घरातल्या नातवाशी देव बोलू लागला म्हटल्यावर गाव नाचतो आहे.

नेला तर पाच दिवसांचा उपास, रात्रंदिवस ढोल, हजार माणसांची रेटारेटी. डॉक्टर म्हणतात, एवढे त्याला झेपणार नाही. आता जे थोडे सावरले आहे तेही जाईल, आणि कदाचित परत येणार नाही. आणि हे सगळे माझ्या कापसाच्या बोळ्यांमुळे.

पोलिसात जावे का? पण मग ते त्याला इस्पितळातच नेतील. कुलूप लावावे का? चुलत्याला घराबाहेर ठेवण्याचा हक्क मला कोणी दिला? एकतीस वर्षे मला प्रत्येक गोष्टीचे उत्तर येत होते. त्यातली किती बरोबर होती, हे आता विचारायची भीती वाटते. भाषण मात्र तयार केले आहे. सात मुद्दे, शेवटी आवाहन.

५ नोव्हेंबर

सविस्तर लिहिते.

धुळा सकाळी नऊला आला, बरोबर तीन माणसे. सत्तरीचा, ताठ, खांद्यावर काळे घोंगडे. मी उर्मटपणाने बोलायच्या तयारीत होते, पण त्याने पायताण थेट फाटकाबाहेर काढले आणि वाकून म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमी आमच्या लेकराला ठाव दिलासा. तुमचं उपकार हायेत." अशाने माणसाचा पहिला मुद्दाच निसटतो.

तरी मी सातही मुद्दे मांडले. ग्रीक शब्द दोनदा सांगितला. डॉक्टर बसलिंगप्पाही आले होते, त्यांनी शास्त्र सांगितले. धुळाने शेवटपर्यंत ऐकले.

"डागदरसायेब, समदं खरं. पर त्यो आवाज कुनाचा, त्येवडं सांगा."

"कुणाचाच नाही, आजोबा."

"कुनाचाच न्हाय, तर ऐकू कसा येतो?"

"ते," डॉक्टर म्हणाले, "आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

मी डॉक्टरांकडे असे पाहिले की समोर वर्गातली विजयमाला असती तर रडली असती. समोर विरोधी पक्ष बसलेला असताना इतका प्रामाणिकपणा कशाला?

मग अर्धा तास नुसता गोंधळ. देव, रोग, घराण्याचा मान, मेंदू. एक माणूस म्हणाला, बाई किरिस्तावांच्या शाळेत शिकल्या, त्यांना बिरोबा काय कळणार. मी म्हटले, मला बिरोबा कळत नसेल, पण उपाशी माणूस कळतो. सिद्धाप्पा आमच्याकडे पाठ करून खड्ड्यात पाय सोडून बसला होता, हात मागावर, आडवा धागा नेणारा धोटा तसाच.

मायाक्काने लोकर कातायची चाती खाली ठेवली. ती कधी मोठ्या आवाजात बोलत नाही. आताही बोलली नाही.

"मामंजी, डागदर, बाई, तुमी समदी जानती हायसा. पर ज्येला ऐकू येतं त्येला कुनी इचारलंय का?"

ती त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "आवो, ती काय म्हनत्यात त्ये तात्यास्नी सांगा की. हळू सांगा. मी हाय हितं."

मला मध्ये बोलायचे होते, डॉक्टरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग सिद्धाप्पा मागाकडे बघतच बोलू लागला.

"दोगं हायेत. येक म्हनतो, ह्यानं लोकर चोरली. दुसरा म्हनतो, जेवू नगंस, इख हाय. म्या धोटा टाकला की म्हनत्यात, बघ टाकला. पानी प्यालो की म्हनत्यात, बघ प्याला. दिस उगावल्यापास्नं. थांबतच न्हाईत."

धुळा पुढे सरकला. "पावसाचं काय म्हनत्यात, सिद्धा?"

"न्हाय."

"ज्वारीचं? मेंढरांचं?"

"न्हाय, तात्या. माझंच. शिव्या देत्यात. आईवरनं देत्यात."

धुळाच्या हातातली भंडाऱ्याची पिशवी तशीच राहिली. तो खड्ड्याच्या काठावर पुतण्याशेजारी बसला.

"माझा बा चाळीस वर्सं भाकणूक सांगायचा," तो बरोबरच्या माणसांना म्हणाला. "देव येऊन गेला की बा पोटभर जेवायचा, लेकरावानी निजायचा. देव गावाचं बोलतो. येका गड्याच्या मागं लागून त्येला ताटावरनं उटवत न्हाय. आन् आमचा बिरोबा आईवरनं शिव्या देत न्हाय. ह्यो देव न्हवं. दुखनं हाय. दुखन्याला गादीवर बसवीत न्हाईत."

"मग औंदा भाकणूक?" एकाने विचारले.

"औंदा गप ऱ्हायाचं. पाऊस पडायचा तवा पडंल. आदी काय आपल्याला इचारून पडत हुता व्हय?"

माझे सात मुद्दे इतके परिणामकारक होतील असे मलाही वाटले नव्हते. विशेषतः पाचवा.

मायाक्काने भाकरी आणि ठेचा वाढला आणि नेहमीप्रमाणे आधी एक घास खाल्ला. धुळाने ते पाहिले आणि हात पुढे करून एक तुकडा मोडला. "म्याबी खाल्ली, सिद्धा. ग्वाड हाय." बरोबरच्या तिघांनी मोडला. डॉक्टरांनी, चांगल्या लिंगायत घरच्या माणसाने, सोवळ्या-ओवळ्याचा विचार न करता मोडला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मीही मोडला. ठेचा असा जहाल होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. म्हाळसाबाईंना माडीवरून ते वेगळेच वाटले असेल, वाटू दे.

सिद्धाप्पाला जेमतेम चतकोर उरली. ती त्याने खाल्ली आणि म्हणाला, "अजून हाय का?"

६ नोव्हेंबर

धुळा परत गेला. जाताना फाटकाशी म्हणाला, "बाई, कातरनीची पयली लोकर सिद्धालाच धाडतो. आन् पोरगी लई गुनाची हाय, तिला संबाळा." तिला कोण सांभाळणार? तीच आम्हा सगळ्यांना सांभाळते. हे मी त्याला सांगितले नाही. मायाक्काला सांगायला हवे.

१२ नोव्हेंबर

सिद्धाप्पा बरा झाला, असे लिहिणार होते. डॉक्टर म्हणतात, घाई करू नका. काही माणसे पुरती बरी होतात, काहींच्या फेऱ्या चालू राहतात, काहींना आवाज घेऊनच जगावे लागते. परवा दिवसभर तो भिंतीकडे बघत होता. काल निम्मा दिवस विणत होता. आज सकाळी मागावर बसला म्हणून मी बसायचा वेताचा मोढा घेऊन जवळ जाऊन बसले, त्याला करमावे म्हणून.

"आज आवाज किती आहेत?" मी विचारले. हे विचारायला मी शिकले आहे.

"हायेत. बारीक हायेत."

छान झाले, असे म्हणून मी त्याला कमिटीच्या चिटणीसांची हकीकत सांगितली, नंतर त्यांच्या मुलींची, नंतर पुण्याच्या बोर्डिंगातल्या लापशीची. त्याचा धोटा मध्येच थांबला.

"बाई, येक बोलू का? राग येनार न्हाय न्हवं?"

"येईल. बोल."

"ती दोगं बोलत्यात, वर तुमी बोलतासा. तिगांचं ऐकून माझा धोटा चुकतोय. त्येंना गप बसा म्हनून उपेग न्हाय. तुमी तेवडं बसताय का?"

एकतीस वर्षांत साठ साठ मुलींचे वर्ग मी एका नजरेत गप्प केले. मला कोणी गप्प बस म्हटल्याचे सिस्टर ॲग्नेसनंतर हे पहिलेच. मी उठले, घरात गेले, पाणी प्यायले, भिंतीवरचे घड्याळ पाहिले आणि परत येऊन मोढ्यावर बसले.

सोळा मिनिटे. एक शब्द बोलले नाही. म्हाळसाबाईंनी माडीवरून हाक मारली तरी नाही. तेवढ्यात त्याने चार बोटे घोंगडे विणले, काठ सरळ, एकही धागा न चुकता. मायाक्का चाती फिरवत तोंडाला पदर लावून बसली होती, खांदे हलत होते. तिला मी नंतर बोलले.

उद्या वीस मिनिटे बसून बघणार आहे.